ढोल ऐकू येतो, बोलणे समजत नाही

कापसाचे चुकारे हाती आले, मुलाला पहिली नोकरी लागली किंवा घराचे प्लॅस्टर एकदाचे पूर्ण झाले, की आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील मध्यमवर्गीय घरांत अलीकडे मोठ्या टीव्हीपाठोपाठ होम थिएटर येते. थोडा हौशी मुलगा तयार डब्यातला संच न घेता वेगळा रिसीव्हर आणि वेगळे स्पीकर घेतो. सोनी, यामाहा, डेनॉन या कंपन्यांच्या प्राथमिक श्रेणीतील रिसीव्हरना पाच स्पीकर आणि एक सबवूफर जोडता येतो. यालाच दुकानदार ‘५.१’ म्हणतात. समोर डावा, उजवा आणि मधला, मागे किंवा बाजूला दोन, आणि जमिनीवर धडधड करणारा तो सबवूफर.

मी ध्वनितंत्रज्ञ नाही, साधा एमबीबीएस डॉक्टर आहे. तरीही या यंत्राविषयी त्याच्या मालकांची मते माझ्या दवाखान्यात पुष्कळ ऐकायला मिळतात. रक्तदाब मोजून होईपर्यंत माणूस घरातले सगळे बोलून जातो. मौज अशी की एकाच यंत्राविषयी एकाच घरात तीन मते असतात. मुलगा म्हणतो, “एवढ्या पैशांत असा आवाज दुसरीकडे मिळणार नाही.” सून म्हणते, “आवाज चांगला आहे हो, पण बाळ झोपलं की लावायची सोय नाही.” आणि आबाजी म्हणतात, “ढोल तं ऐकू येते जी डॉक्टरसाहेब, पण बोलून काय राहिले तेच समजत नाही.” तिघेही खरेच सांगत असतात. तिघांच्या कानांची वये मात्र वेगवेगळी असतात.

आबाजींच्या त्या एका वाक्यात निम्मे निदान आलेले आहे. अंतर्कर्णात गोगलगाईच्या शंखासारखी एक नळी असते आणि तिच्या आत सूक्ष्म केसपेशी असतात. नळीच्या तोंडाशी असलेल्या पेशी उच्च, म्हणजे बारीक स्वर टिपतात. आतल्या टोकाच्या पेशी खर्ज टिपतात. वयाप्रमाणे झीज सुरू होते ती तोंडाकडून. म्हणून ढोल, मेघगर्जना, ट्रॅक्टर हे सारे ऐकू येत राहते आणि स, श, च, त, थ, फ यांसारखी व्यंजने मात्र गळू लागतात. स्वरांमुळे बोलण्याला जोर येतो, पण अर्थ बव्हंशी व्यंजनांत असतो. ‘साप’, ‘ताप’, ‘चाप’, ‘पाप’ या शब्दांत फरक केवळ पहिल्या व्यंजनाचा आहे. ते निसटले की उरतो नुसता ‘आप’. वैद्यकशास्त्रात याला प्रेसबायक्युसिस म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेनुसार साठीपुढील दर चार जणांपैकी एकाहून अधिक व्यक्तींचे श्रवण दैनंदिन व्यवहारात अडचण येण्याइतके कमी झालेले असते. आपल्या जिल्ह्यात त्यात व्यवसायाची भर पडते. जिनिंगमध्ये किंवा वणीकडच्या कोळसा खाणींत उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसांच्या श्रवणआलेखात ४,००० हर्ट्झच्या आसपास खड्डा दिसावा, यात नवल नाही. सततच्या गोंगाटाची ती ठरलेली खूण आहे.

अशा कानाला सबवूफर काय मदत करणार? तो नेमका तोच स्वर वाढवतो जो आबाजींना आधीच ऐकू येतो आहे. शिवाय जोरदार खर्ज वरच्या बारीक स्वरांना झाकून टाकतो. म्हणजे आवाज वाढवला की शब्द आणखी बुडतात. त्यातच झिजलेल्या कानाचा दुसरा एक स्वभाव असतो. हळू आवाज मुळीच ऐकू येत नाही आणि मोठा आवाज एकदम असह्य होतो. मधला पट्टा आक्रसलेला असतो. म्हणून आबाजी आधी “वाढव” म्हणतात आणि मारामारीचा प्रसंग आला की कानांवर हात ठेवतात. नातवंडांना हा लहरीपणा वाटतो. तो लहरीपणा नाही, हे घरातल्यांनी समजून घेतले तर रोजची निम्मी कुरबुर थांबेल.

आता यंत्राच्या बाजूने. चित्रपटातील संवाद बहुतांश मधल्या स्पीकरमधून येतात. पण कितीतरी घरांत तोच स्पीकर शोकेसच्या खालच्या कप्प्यात कोंबलेला, दिसू नये म्हणून पडद्यामागे ठेवलेला, तर काही ठिकाणी जोडलेलाच नसतो. त्याचे तोंड बसणाऱ्याच्या कानाकडे हवे. बहुतेक रिसीव्हरमध्ये प्रत्येक स्पीकरचा आवाज स्वतंत्रपणे कमीजास्त करता येतो; मधला तीन-चार डेसिबलने वाढवावा आणि सबवूफर तितकाच उतरवावा. अनेक रिसीव्हरसोबत एक छोटा माइक येतो. त्याच्या साहाय्याने यंत्र खोलीचे माप घेऊन स्पीकर जुळवते. मुले तो माइक सोफ्याच्या मध्यभागी, स्वतःच्या जागी ठेवतात. तो आबाजींच्या खुर्चीवर, त्यांच्या कानाच्या उंचीवर ठेवावा. ‘हॉल’, ‘स्टेडियम’ असली नावे असलेले प्रकार कृत्रिम घुमारा वाढवतात. वृद्धांसाठी ते बंदच बरे. बातम्या आणि मालिका बहुधा दोनच वाहिन्यांच्या ध्वनीत येतात. अशा वेळी ‘स्टिरिओ’ किंवा ‘डायरेक्ट’ निवडले तर मधला स्पीकर मुका राहतो, आणि घरचे म्हणतात यंत्र बिघडले. ‘नाइट मोड’ नावाची सोय मोठे आवाज दाबते आणि हळू आवाज उचलते. ती रात्रीसाठी केलेली असली तरी आक्रसलेल्या कानाला दिवसाही उपयोगी पडते, आणि झोपलेल्या बाळाच्या आईलाही.

एक बारकावा सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ज्याला कमी ऐकू येते तो नकळत बोलणाऱ्याच्या ओठांकडे पाहून शब्द जुळवत असतो. चित्र आणि आवाज यांचा मेळ किंचित चुकला तर तरुणाला ते जाणवतही नाही. वृद्धाचा मात्र आधारच निसटतो. आवाज चित्राआधी येत असेल तर रिसीव्हरमधील ‘लिप सिंक’ वापरून तो थोडा मागे रेटता येतो. आवाज मागे पडत असेल तर बहुधा जोडणी ब्लूटूथची असते. तेथे एचडीएमआयची तार घालावी.

पण यंत्रापेक्षा खोलीचा दोष अधिक असतो, असे माझे मत झाले आहे. सिमेंटच्या उघड्या भिंती, गुळगुळीत टाइल्स, वर स्लॅब. अशा खोलीत टाळी वाजवून पाहा, ती रेंगाळते. जुन्या कवेलूच्या, मातीच्या भिंतींच्या घरांत शब्द स्वच्छ ऐकू यायचे. जाड पडदे लावले, भिंतीवर एखादी सतरंजी टांगली तरी फरक पडतो. आणि उन्हाळ्यात आपला कूलर! पारा ४५ अंशांकडे सरकला की आबाजींची खाट कूलरच्या तोंडाशी येते. एका कानाशी पंख्याची घरघर, पाण्याची टपटप, आणि पंधरा फुटांवर टीव्ही. या स्थितीत जगातला कोणताही रिसीव्हर शब्द पोहोचवू शकणार नाही. कूलर दूर सरकवून वारा तिरपा घ्यावा आणि खुर्ची टीव्हीजवळ न्यावी. मोकळ्या जागेत अंतर निम्मे केले की आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो. खोलीत त्याहून काहीसा कमी, पण फुकट. उन्हाळ्यात स्वतः रिसीव्हरलाही वर मोकळी हवा लागते. बंद शोकेसमध्ये तो तापतो आणि आपणहून बंद पडतो.

मागच्या स्पीकरच्या तारांविषयी मी जरा कठोरपणे बोलतो. त्या तारा खोलीच्या मधून, चटईखालून नेलेल्या असतात. रात्री लघवीला उठलेली सत्तर-पंचाहत्तर वर्षांची, मधुमेहाने पायांची संवेदना मंदावलेली आजी त्यात अडखळली, तर खुब्याच्या हाडाचे काय होईल हे वेगळे सांगायला नको. असा अस्थिभंग झाला की शस्त्रक्रिया, अंथरूण, न्यूमोनिया ही साखळी मी अनेकदा पाहिली आहे. तारा भिंतीच्या कडेने पट्टीत बसवता येत नसतील तर मागचे दोन स्पीकर लावूच नयेत. आबाजींना लागणारे संवाद समोरून येतात.

रिमोट हा आणखी एक दुःखाचा विषय. सेट-टॉप बॉक्सचा, टीव्हीचा आणि रिसीव्हरचा असे तीन, प्रत्येकावर करड्या रंगाची बारीक अक्षरे. दुपारी वीज जाऊन आली की रिसीव्हर भलत्याच इनपुटवर जातो आणि मुलगा संध्याकाळी परत येईपर्यंत वृद्ध दांपत्य मुक्या टीव्हीसमोर बसून राहते. दिवसभर एकट्या असणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हे किरकोळ नाही. त्या बातम्या, ते कीर्तन हेच त्याचे दुपारचे माणूस असते. टीव्ही आणि रिसीव्हर यांच्या सेटिंगमध्ये ‘एचडीएमआय सीईसी’ आणि ‘एआरसी’ चालू केले की टीव्हीच्याच रिमोटने रिसीव्हर सुरू होतो, आवाजही कमीजास्त होतो. रिसीव्हरचा रिमोट मग कपाटात टाकावा. उरलेल्या रिमोटवरील आवाजाच्या बटणांना नेलपॉलिशचा ठळक ठिपका द्यावा.

इतके करूनही शब्द कळत नसतील तर यंत्र बदलायला निघू नये. दवाखान्यात मला हमखास विचारले जाते, “डॉक्टर, आणखी मोठा घेऊ का?” मी प्रथम कानात पाहतो. पुष्कळदा मळाचा खडाच बसलेला असतो आणि तो काढल्यावर निम्मा प्रश्न मिटतो. (हेअरपिन, काडी, गरम तेल यांनी तो घरी काढू नये. पडद्याला इजा होते.) मळ नसेल तर श्रवणचाचणी. यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवून सुरुवात करता येते. एका कानाचे ऐकणे अचानक, काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत गेले, तर मात्र वाट पाहू नये, त्याच दिवशी तज्ज्ञांकडे जावे. त्यावरील उपचार वेळेशी बांधलेले असतात. चक्कर, पू, वेदना किंवा एकाच कानात सतत गुणगुण असेल तरी दाखवून घ्यावे.

श्रवणयंत्राचे नाव काढले की आबाजी नाराज होतात. पाच स्पीकरचा संच घरात आणायला कोणाला संकोच वाटत नाही, पण कानामागे बोटाच्या पेराएवढी वस्तू लावायची म्हटले की “लोक काय म्हणतील”. वास्तविक रिसीव्हर सर्वांसाठी सगळेच स्वर वाढवतो. चांगले जुळवलेले श्रवणयंत्र त्या एका कानाला जे कमी पडते तेवढेच वाढवते, आणि ते नातवाच्या बोलण्यालाही उपयोगी पडते. ‘लॅन्सेट’ आयोगाच्या २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या १४ जोखीमघटकांत श्रवणऱ्हासाचा समावेश आहे. अमेरिकेत ७० ते ८४ वयोगटातील ९७७ जणांवर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, सर्वांचा एकत्र विचार करता श्रवणयंत्रांमुळे बुद्धीच्या ऱ्हासात फरक आढळला नाही. मात्र ज्यांची जोखीम मुळात अधिक होती त्यांच्यात तीन वर्षांत तो ४८ टक्क्यांनी मंदावला. श्रवणयंत्र लावले की विसरभोळेपणा जाईल, असे मी कोणाला सांगत नाही. पण संवाद न कळणारा माणूस आधी टीव्हीपुढून उठतो, मग जेवणाच्या पंगतीतून उठतो आणि शेवटी आतल्या खोलीत एकटा बसतो, हे मला घरोघर दिसते.

खर्चाची अडचण असेल तर राज्य शासनाच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील पात्र ज्येष्ठांना सहायक साधनांसाठी ३,००० रुपये मिळण्याची तरतूद आहे. त्या साधनांत श्रवणयंत्रही येते. एवढ्यात चांगले डिजिटल यंत्र येत नाही, हेही सांगायला हवे. पण कुटुंबाने होम थिएटरसाठी बाजूला काढलेल्या रकमेचा काही भाग त्यात घातला तर बरेच जमते.

घरातल्या इतरांच्या कानांचाही विचार हवा. ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित मानला जातो. पुढे दर ३ डेसिबलला ती मुदत निम्मी होते. आबाजींसाठी वाढवलेला आवाज मांडीवरच्या नातवालाही तितकाच ऐकू येतो. रिसीव्हरच्या पडद्यावरील आकडा म्हणजे डेसिबल नव्हेत. ढोबळ अंदाज हवा असेल तर मोबाइलवरील आवाज मोजणारे ॲप पुरते. श्रवणयंत्राला टीव्हीचा आवाज थेट पोहोचवणारी जोडणी किंवा बिनतारी हेडफोन हाही मार्ग आहे. फक्त बहुतेक रिसीव्हरना हेडफोन लावला की स्पीकर बंद होतात, तेव्हा जोडणी कोठून घ्यायची हे दुकानदाराला आधी विचारून घ्यावे.

दारव्ह्याकडच्या एका निवृत्त शिक्षकांनी वर्षभर टाळाटाळ करून अखेर दोन्ही कानांना यंत्रे बसवली. पहिले तीन आठवडे भांड्यांच्या खणखणाटाने ते वैतागले. तो काळ कठीणच असतो. रोज थोडा थोडा वेळ वाढवत न्यावा लागतो. आता त्यांच्या घरी टीव्हीचा आकडा ५५ वरून ३० वर आला आहे. परवा रक्तदाब तपासायला आले तेव्हा त्यांची नवी तक्रार होती. मालिकेतली माणसे बोलत असताना मागे संगीत कशाला वाजवतात, आणि रिसीव्हरमध्ये ते बंद करायचे बटण का नाही?