चाल कोणाची?

मित्रांनो, आज संध्याकाळी घरी एक प्रश्न विचारून पाहा. ‘जांभुळपिकल्या झाडाखाली’ हे गाणं कोणाचं? आई म्हणेल, आशा भोसल्यांचं. काका म्हणतील, ‘जैत रे जैत’ सिनेमातलं. घरात कुणी मराठीचे शिक्षक असतील तर ते चष्मा सारखा करून सांगतील, ना. धों. महानोरांचं. तिघांचंही उत्तर बरोबर. पण ज्यानं त्या शब्दांना चाल दिली त्याचं नाव बहुतेक वेळा कुणीच घेत नाही. त्याचं नाव पं. हृदयनाथ मंगेशकर.

लतादीदी, मीनाताई, आशाताई, उषाताई आणि मग हे सगळ्यांत धाकटे. जन्म २६ ऑक्टोबर १९३७ चा. वडील मास्टर दीनानाथ गेले ते २४ एप्रिल १९४२ ला, म्हणजे हा मुलगा जेमतेम साडेचार वर्षांचा होता. तुमच्या घरातला बालवाडीतला भाऊ डोळ्यांसमोर आणा म्हणजे कळेल. पुढे त्यांनी उस्ताद अमीर खाँसाहेबांकडे शास्त्रीय संगीताचे धडे घेतले आणि चाली करायला लागले. कोळीगीतं केली, मीरेची भजनं केली, ज्ञानेश्वरांच्या रचना केल्या, सुरेश भट आणि ग्रेस यांच्या कविता केल्या. ‘लेकिन’ या हिंदी चित्रपटाच्या संगीतासाठी १९९० सालचा राष्ट्रीय पुरस्कार आणि २००९ मध्ये पद्मश्री मिळाली. (आणि हो, तुम्ही लहानपणी घसा फुटेस्तोवर म्हटलेलं ‘सांग सांग भोलानाथ’ आहे ना, त्याची चाल त्यांच्या बहिणीची, मीना खडीकरांची. घरच तसलं!)

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं मुंबई-पुण्याचं. आपल्या खानदेशाचा त्याच्याशी काय संबंध?

मलाही तसंच वाटायचं.

माझं लहानपण धुळ्यात गेलं आणि आजोळ चोपडा तालुक्यात. मे महिन्यात एस.टी.नं शिरपूर, तिथून दुसरी एस.टी. चोपड्याकडे. वाटेत थाळनेरचा फाटा लागायचा. मामा म्हणायचा, “इथं फारुकी राजांची राजधानी होती. तापीकाठी किल्ला आहे, कबरी आहेत.” मी माना डोलवायची आणि कैरीला मीठ लावून खायची. त्याच थाळनेरची आणखी एक गोष्ट आहे, ती मला फार उशिरा समजली. मंगेशकर भावंडांच्या आई, माई, या थाळनेरच्या. तिथल्या हरिदास लाड या गुजराती व्यापाऱ्याची लेक. माईंच्या आईकडून, म्हणजे थाळनेरच्या आजीकडून, लतादीदी लहानपणी पावागढचे गरबे शिकल्या होत्या. म्हणजे ज्या घरात पुढं एवढं गाणं झालं, त्या घरात वडिलांचं नाट्यसंगीत तर होतंच, पण आजीचं चुलीपाशी म्हणायचं गाणंही होतं.

माझी आजी व्यापाऱ्याची लेक नव्हती, गरबेही तिला येत नव्हते. तिला यायची ती आखाजीची गाणी. अक्षय तृतीयेला आपल्याकडं लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात आणि झोक्यावर गातात. आजी सत्तरीची झाली तरी झोक्यावर बसायची. आवाज चिरका, पण काय ठाम! झोका वर गेला की सूर वर आणि खाली आला की सूर खाली. ताल धरायला वेगळा माणूस लागायचाच नाही.

१९९१ चा उन्हाळा. मी सातवीत जाणार होते. मामानं नवा टू-इन-वन घेतला होता, म्हणजे रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकातच. त्यानं एक कोरी कॅसेट घालून आजीला समोर बसवलं. आजी आधी लाजली, मग पदर सावरून गायली. एक नाही, अशी सात-आठ गाणी. स्वतःचा आवाज पेटीतून ऐकल्यावर तिनं तोंडावर हात ठेवला. “हाई मीच शे का वं?” म्हणाली. शेजारपाजारच्या बायकांना बोलावून बोलावून ऐकवलं.

ती कॅसेट मी मागून घेतली. म्हटलं, धुळ्याला नेते.

धुळ्यात मी पेटीच्या क्लासला जायची. तिथं एकदा ‘तुम्हाला येतं ते कोणतंही गाणं म्हणा’ असं सांगितलं, तेव्हा मी आजीचं झोक्याचं गाणं म्हटलं. मुलं खो खो हसली. कुणीतरी “गावठी, गावठी” केलं. शिकवणारे रागावले नाहीत, पण म्हणाले, “हे काही संगीत नव्हे, बाळ. संगीत म्हणजे राग.” त्यांचा दुष्टपणा नव्हता हो. त्यांना कुणीतरी तसंच शिकवलं असणार. पण त्या दिवसापासून आजीचं गाणं मी मोठ्यानं म्हणायचं बंद केलं.

दिवाळीत परत आजोळी गेले. बॅगेत ती कॅसेट होती. एका दुपारी जळगाव आकाशवाणीवर ‘जांभुळपिकल्या झाडाखाली’ लागणार असं सांगितलं. मला ते गाणं हवंच होतं. क्लासमधल्या एका मुलीकडं ते टेप केलेलं होतं, माझ्याकडं नव्हतं. कोरी कॅसेट घरात एकही नाही. गाणं सुरू व्हायला दहा-पंधरा सेकंद. मी काय केलं असेल ते तुम्ही ओळखलंच. आजीची कॅसेट घातली आणि तांबडं बटण दाबलं. त्यामागून दुसरं गाणं लागलं, तेही घेतलं. मग तिसरं. दोन दिवसांत दोन्ही बाजू भरल्या.

खरी गंमत पुढं आहे. पहिलं गाणं चालू असताना आजी ओसरीवर शेंगा फोडत होती. तिचे हात थांबले. गाणं संपेपर्यंत ती तशीच बसली. मग म्हणाली, “हाई ते आपलंच शे वं!”

मला हसू आलं. आशाबाईंनी गायलेलं, सिनेमातलं गाणं आणि म्हणे आपलं!

तिला कॅसेटचं मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तिची बहीण आली होती, तेव्हा आजी म्हणाली, “मनं गानं लाव ना वं.” मी म्हटलं, मशीन बिघडलंय. तिनं पुन्हा विचारलं नाही. १९९६ मध्ये ती गेली.

आता आजी बरोबर होती की चूक, ते पाहू. मी मोठेपणी खूप शोधलं, कारण ते वाक्य डोक्यातून जाईना.

‘जैत रे जैत’ हा चित्रपट १९७७ चा. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवर जब्बार पटेलांनी काढलेला. गोष्ट कोकणच्या डोंगरातल्या ठाकर लोकांची. राणीमाशीनं डोळ्याला डंख केला म्हणून डोंगराच्या सुळक्यावरची मधाची पोळी उतरवायला निघालेल्या नाग्याची. म्हणजे खानदेशाचा त्यात मागमूस नाही. ढोल ठाकरांचा, नाच ठाकरांचा. इथं आजी हरली.

पण थांबा. गाणी लिहिली कोणी? महानोरांनी. ते पळसखेड्याचे, अजिंठ्याच्या डोंगरापायथ्याशी, जळगाव जिल्ह्याच्या शिवेजवळचे. शाळा शेंदुर्णीला, मग वर्षभर जळगावच्या कॉलेजात, मग परत शेतात. ‘रानातल्या कविता’ लिहिणारा हा माणूस २०२३ मध्ये वारला, तोवर त्याची ओळख कवी आणि शेतकरी अशी जोडीनंच सांगितली जायची. नाग्याबरोबर निघणारी चिंधी कोण? स्मिता पाटील. जन्म पुण्याचा, पण घराणं शिरपूरचं. आणि चाली ज्यांच्या, त्यांचं आजोळ थाळनेर, तेही शिरपूर तालुक्यातच. शेंगा फोडणाऱ्या आजीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिनं नुसतं कानानं ओळखलं.

काय ओळखलं असेल? मला वाटतं, शब्द ज्या लयीत पडतात ती लय. हे समजायला एक प्रयोग करा. एक साधं वाक्य घ्या: “आई, आज शाळेला सुट्टी आहे का?” आता ते लांबवून म्हणा. ‘आई’ लांबवलंत तर लाडीगोडी होते. ‘सुट्टी’वर सूर चढवलात तर आनंद होतो. ‘का’ खाली सोडलंत तर आधीच कळलेलं असतं की सुट्टी नाही! शब्द तेच, पण मनातलं वेगळं. संगीतकाराचं काम इथं सुरू होतं. कोणत्या शब्दावर थांबायचं, कुठं श्वास घ्यायचा, कुठला सूर लागेल असं ऐकणाऱ्याला वाटतंय आणि आपण कुठला लावायचा, हे तो ठरवतो. वाद्यं, कोरस हे सगळं नंतरचं.

हृदयनाथांच्या चाली अवघड, असं सगळेच गाणारे म्हणतात. शाळेच्या स्नेहसंमेलनात कुणी त्यांचं गाणं निवडलं की मधेच गडबडतं, ते यामुळंच. सूर सरळ जिन्यानं चढत नाही, मधल्या पायऱ्या गाळतो. पुष्कळदा दुसऱ्या कडव्याला पहिल्याची चाल लावून भागत नाही, कारण तिथले शब्दच वेगळं काही सांगत असतात. अमीर खाँसाहेब अतिविलंबित लयीसाठी प्रसिद्ध. एकेक सूर असा सावकाश उलगडायचा की ऐकणाऱ्यानं वाट पाहावी. त्यांचा हा शिष्य तीन-चार मिनिटांच्या गाण्यातसुद्धा वाट पाहायला लावतो. ढोलकीवरचं गाणं असो, नाहीतर भटांची गझल.

आणि लोकांचं गाणं त्यांनी ‘गावठी’ म्हणून दाराबाहेर ठेवलं नाही, हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. शांताबाई शेळक्यांचं ‘मी डोलकर’ ऐका, त्यात वल्ह्याचा हेलकावा आहे. ‘लेकिन’मध्ये राजस्थानचा मांड आहे. ‘जैत रे जैत’मध्ये ठाकरांचा ढोल आहे. पण नुसती नक्कल करून ते थांबत नाहीत. रागाचं शिक्षण घेतलेला कान त्या लोकधुनेला पुढं कुठं जाता येईल ते शोधत असतो. क्लासमध्ये मला सांगितलं होतं की इकडं राग आणि तिकडं गावठी. इथं तर दोन्ही एकाच ताटात जेवत होते! काही जाणकारांना ही सरमिसळ आवडत नाही, चाल फार वळणं घेते असंही ते म्हणतात. म्हणोत. एखादं गाणं मलाही जड जातं. पण आजीनं शेंगा फोडायचं थांबवलं होतं, ते मी स्वतः पाहिलंय.

मग मी आजीचं गाणं परत जुळवायला घेतलं. मावशीला दोन ओळी आठवल्या, पण चाल नाही. आजीच्या बहिणीला चाल आठवत होती, ती गुणगुणली, पण शब्द गेले होते. मामाला फक्त एवढंच आठवलं की शेवटी सगळ्या बायका हसायच्या. मी पेटीवर बसून सूर शोधते. सा कुठला धरायचा तेच ठरत नाही, कारण झोका वर जाताना आजीचा सूरही थोडा वर सरकायचा. सहा-सात सुरांपर्यंत येते आणि पुढं रस्ता नाही.

तुमच्या घरी कुणी गाणारं असेल, आखाजीची, कानबाईची, जात्यावरची, तर आता मोबाइल आहे, कोरी कॅसेट शोधायला नको. मात्र एक करा. त्यांना विचारा की हे तुम्ही कोणाकडून शिकलात, आणि तेही त्यात राहू द्या. मी ते कधी विचारलंच नाही.

ती कॅसेट माझ्याकडं अजून आहे. मागच्या वर्षी एका ओळखीच्या दुकानदारानं जुना टेपरेकॉर्डर चालू करून दिला, तेव्हा लावली. जळगाव आकाशवाणीची खरखर, ढोल, आशाबाई. गाणं संपलं. पुढचं गाणं घ्यायला मी बटण दाबायला जरा उशीर केला असणार, कारण मधे थोडी जागा सुटली आहे. तिथं खट्ट असा आवाज येतो, झोक्याची कडी करकरते, एक अर्धा सूर आणि मग आजी विचारते, “व्हयनं का वं?”

त्यापुढं लगेच दुसरं गाणं सुरू होतं.