सांतियागोचं गोणपाट

ला मोनेदा हा चिलीच्या राष्ट्राध्यक्षांचा प्रासाद. आज त्याच्या पांढऱ्या भिंतींवर ओरखडाही दिसत नाही. ११ सप्टेंबर १९७३ च्या लष्करी बंडात चिलीच्याच हवाई दलाच्या हॉकर हंटर विमानांनी त्यावर मारा केला. लोकांनी निवडून दिलेले अध्यक्ष साल्व्हादोर आयेंदे आतच मरण पावले. मोरांदे रस्त्यावरच्या ८० क्रमांकाच्या दारातून त्यांचं शव बाहेर आणलं गेलं. बंडानंतर सत्तेवर आलेल्या जनरल पिनोशे यांच्या राजवटीने पुढे ते दारच बुजवून टाकलं. २००३ मध्ये ते पुन्हा उघडलं. त्या दारासमोरून माझा पाय लवकर निघेना.

सांतियागो शहराच्या दक्षिणेला ला ग्रांखा इथे गेले. तिथे चित्रकार रोबेर्तो मात्ता यांनी १९७१ मध्ये तरुण भित्तिचित्रकारांना सोबत घेऊन आयेंदेंच्या विजयाचं चित्र रंगवलं होतं. लष्करी राजवटीत त्यावर रंगाचे थरांवर थर चढले. ते अलगद खरवडून चित्र परत मिळवायला पुढे कित्येक वर्षं लागली.

पण मला खिळवून ठेवलं ते किंता नॉर्मालजवळच्या स्मृती संग्रहालयातल्या गोणपाटांनी. ती आर्पियेरा नावाची कापडी चित्रं. ज्यांचे नवरे, मुलं, भाऊ पकडून नेले आणि परत आलेच नाहीत, अशा बायका चर्चच्या आश्रयाने एकत्र बसून ती शिवत. आपल्या गोधडीसारखंच जुनं कापड त्यात कामी येई. कधी बेपत्ता माणसाचे कपडेही. मागे अँडीजचे डोंगर, वर ठसठशीत सूर्य, आणि त्याच उजेडात पोलिसांची गाडी, टाळं लागलेला कारखाना, वस्तीने मिळून चढवलेलं जेवणाचं पातेलं, ‘ते कुठे आहेत?’ असं विचारणारा फलक. जळत्या ला मोनेदाच्या छायाचित्रांत बंडाचा एक दिवस दिसतो. पिनोशे १९९० पर्यंत सत्तेवर होते. ती वर्षं घराघरात कशी काढली, हे मला या टाक्यांनी सांगितलं. एवढ्या दुःखात इतके लखलखीत रंग निवडणाऱ्या त्या बायकांपुढे मी मनोमन वाकले.

चर्चच्या मदतीने ही चित्रं परदेशी जात, विकली जात. देशातल्या वर्तमानपत्रांना जे छापता येत नव्हतं ते बाहेर पोहोचे, आणि आलेल्या पैशांवर घरची चूल पेटे. करणाऱ्यांची नावं मला इथे लिहायची होती. पण पकडलं जाण्याच्या भीतीने बहुतेकींनी कापडावर सही केलेलीच नाही.