परतीची तार

दिंद्रुडच्या बाजारपेठेत एका आडत दुकानासमोर उभी असणारी फिकट निळी प्रीमियर पद्मिनी साऱ्या गावाच्या ओळखीची आहे. तिचे मालक म्हणजे बाबूजी. वय सत्तरीच्या पुढे, दुकानाचा कारभार आता मुलाच्या हाती. परंतु गाडीची किल्ली मात्र अजून बाबूजींच्या बंडीच्या खिशात असते. गाडी त्यांच्या वडिलांनी घेतलेली. वडील गेले त्यालाही आता बरीच वर्षे झाली. दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते, पर्यावरण कर भरावा लागतो, सुटे भाग संभाजीनगर किंवा मुंबईहून मागवावे लागतात. हिशेबी माणसाला न शोभणारा हा खर्च बाबूजी बिनतक्रार करतात, आणि त्याविषयी घरात कोणी बोलत नाही.

या गाडीविषयी त्यांना आणखी एका कारणाने जिव्हाळा आहे. सोलापूरच्या जैन व्यापारी घराण्यात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना केली आणि मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या सहकार्याने या गाड्या तयार होऊ लागल्या. 1974 पासून तिला ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. मुंबईच्या रस्त्यांवरची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये निवृत्त झाली, त्या दिवशी बाबूजींनी वर्तमानपत्रातले छायाचित्र कापून दुकानाच्या तिजोरीच्या दारावर आतून चिकटवले. वालचंदशेठ हे नाव ते घरातल्या वडीलधाऱ्यांसारखे घेतात.

बीड जिल्ह्यात वायपरला काम थोडे आणि ऊन फार. आठ-नऊ महिने काचेवर धूळ बसते, कापसाच्या हंगामात तंतू अडकतात, उन्हाने पात्याचे रबर वाळून कडक होते. आणि मग मृगाची पहिली सर आली की सगळ्यांना एकदम वायपरची आठवण होते. बाबूजी याला अपवाद होते. त्यांनी आधीच गावातल्या मेकॅनिकला बोलावून वायपरची मोटर उघडायला लावली होती. मेकॅनिक तिशीतला तरुण. गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड. त्याने मोटरमधले झिजलेले कार्बन बदलले, ग्रीस भरले, कोरड्या काचेवर ओरखडे पडू नयेत म्हणून पाती उचलून धरून मोटर चालवून दाखवली. जाता जाता तो म्हणाला, “शेठ, अर्थिंगची तार एकदा बघून घेऊ का?”

बाबूजी म्हणाले, “ती मी स्वतः आवळली आहे.”

हे खरेच होते. वैशाखात नातीच्या साखरपुड्यापूर्वी गाडीला नवा रंग दिला, तेव्हा बॉनेटखालचा भागही रंगवून घेतला होता. रंगाऱ्याने सोडलेल्या बऱ्याच तारा बाबूजींनी आपल्या हाताने पुन्हा जोडल्या होत्या. मजुरीही वाचली होती.

श्रावणात एके दिवशी ते पत्नीसह बीडला चातुर्मासासाठी विराजमान असलेल्या साध्वीजींच्या प्रवचनाला गेले होते. सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचून भोजन आटोपायचे, म्हणून चार वाजताच निघाले. वडवणी मागे पडली आणि तेलगावच्या अलीकडे आभाळ फुटल्यासारखा पाऊस आला. भर दुपारी अंधारून आले, बाबूजींनी दिवे लावले. समोरून आलेल्या ट्रकने चिखलाचा फवारा काचेवर उडवला, वायपर एकदा डावीकडे गेले, परत येताना मंदावले आणि काचेच्या ऐन मध्यावर थांबले. पुढे रस्ता आहे की शेत, काही दिसेना. बाबूजींनी खिडकीतून डोके बाहेर काढून ब्रेक दाबला. गाडी थांबली तेव्हा बंपरपासून दोन हातांवर शेळ्यांचा कळप होता आणि पोते पांघरलेला एक मुलगा हातातली काठी उगारून थिजल्यासारखा उभा होता. कोणाला काही झाले नाही. भाभींनी मात्र घरापर्यंत नवकार मंत्राचा जप सोडला नाही.

साधू-साध्वी चालताना चार हात पुढची जमीन पाहूनच पाऊल टाकतात. ईर्यासमिती हा शब्द बाबूजींनी लहानपणापासून ऐकलेला होता, त्या दिवशीच्या प्रवचनातही तो आला होता. रात्रभर त्यांना झोप आली नाही. आणि न झोपलेल्या माणसाचा राग सकाळी ज्याच्यावर निघायचा त्याच्यावर निघाला.

त्या दिवशी नेमका बाजार होता. मेकॅनिक दुकानावरून जात असताना बाबूजींनी त्याला हाक मारली आणि शेतकरी, हमाल, गिऱ्हाइके सगळ्यांदेखत त्याला बोलले. जुने कार्बन घासून बसवले आणि नव्याचे पैसे लावले, जीव जाता जाता वाचले, असे बरेच काही. एक शब्द तर त्यांच्या तोंडून पूर्वी कधी कोणासाठी निघाला नव्हता. तो तरुण एवढेच म्हणाला, “शेठ, मोटर चांगली हाय.” आणि निघून गेला. त्याची मजुरी खतावणीत देणे होती, ती बाबूजींनी त्याच दिवशी अडवून ठेवली.

दुसरा मेकॅनिक शोधायचा तर माजलगावला जावे लागणार आणि पावसात गाडी न्यायची कशी हा प्रश्न. चातुर्मासात तसाही प्रवास कमी. तेव्हा बाबूजींनी दुपारच्या सामायिकानंतरचा वेळ गाडीला दिला. पॉलिटेक्निकला शिकणारी धाकटी नात सुटीला आली होती, ती मदतीला बसली.

प्रथम त्यांनी पाती बदलली. कडक झालेले रबर पाण्याचे पट्टे ओढते, पण मोटर थांबवत नाही, हे त्यांना ठाऊक होते; तरी जे स्वस्त आणि हाताशी ते आधी. मग पाती काचेवरून उचलून, इंजिन चालू ठेवून वायपर चालवले. ठीक चालले. नात म्हणाली, “दादाजी, त्या दिवशी दिवे लावले होते ना?” दिवे लावताच मोटर रेंगाळू लागली. म्हणजे काचेवरच्या घर्षणाचा दोष नव्हता. मोटरपासून दोन्ही वायपरपर्यंत जाणारे लिव्हर सोडवून हाताने फिरवले, तेही मोकळे फिरले. फ्यूजच्या टोकांवर पांढरी बुरशी चढली होती, ती घासून काढली. फरक पडला नाही. स्विचवर संशय होता म्हणून त्याला वगळून बॅटरीच्या धन टोकापासून मोटरपर्यंत थेट तार जोडली. मोटर तशीच रेंगाळत राहिली.

“झाले,” बाबूजी पाना खाली ठेवत म्हणाले. “वीज पूर्ण पोहोचते आहे, तरी मोटर ओढत नाही. दोष मोटरमध्येच.” त्यांच्या आवाजात थोडे समाधान होते, हे भाभींनीही ओळखले.

नात म्हणाली, “दादाजी, आपण जाणारी तार तपासली. परत येणारी कुठे तपासली?”

पन्नास वर्षे रोजमेळ लिहिणाऱ्या माणसाला याहून सोपे सांगता आले नसते. माल गेला याची नोंद करून कोणी खाते बंद करत नाही. पैसा परत यावा लागतो. मोटारगाडीत वीज बॅटरीच्या धन टोकाकडून तारेने जाते आणि परत येते ती गाडीच्या लोखंडी अंगातून. पण वायपरची मोटर थरथरू नये म्हणून रबराच्या बुशवर बसवलेली असते आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून मोटरच्या अंगापासून गाडीच्या पत्र्यापर्यंत एक लहान तार असते. मेकॅनिक मंडळी तिलाच अर्थिंग म्हणतात. तिचा सांधा बिघडला तर फ्यूज उडत नाही, ठिणगी पडत नाही, काहीच दिसत नाही. मोटर फक्त अशक्त होते. कोरड्या दिवशी, पाती उचलून पाहिली, तर तेवढेही कळत नाही.

नातीने लहान बल्बला दोन तारा जोडून टेस्ट लॅम्प केला. एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला, दुसरी मोटरच्या लोखंडी अंगाला. दोन्हीमधली परतीची वाट चांगली असेल तर बल्ब लागायलाच नको. वायपर सुरू केले आणि बल्ब मिणमिणला. मग तिने त्याच दोन जागांमध्ये एक जाड तार धरली. वायपर असे उसळले की भाभी दारातून बाहेर आल्या.

लहान तारेच्या दुसऱ्या टोकाचा स्क्रू बाबूजींनीच सोडला. खाली गुळगुळीत, चकचकीत, फिकट निळा रंग होता. वैशाखात त्यांनी तो स्क्रू आवळला होता, घट्ट आवळला होता, रंगावर. त्यांनी चाकूने रुपयाएवढी जागा खरवडली, लोखंड उजळले, तार पुन्हा बसवली, गंज चढू नये म्हणून वरून व्हॅसलीन लावले. पाच मिनिटांचे काम. नंतर बराच वेळ ते बॉनेटला टेकून उभे होते. नात आत निघून गेली.

पर्युषण जवळ आले होते. संवत्सरीला बाबूजींच्या मोबाईलवरून दरवर्षी ‘मिच्छामि दुक्कडम्’चे सुंदर चित्र तीनशे-चारशे जणांना जाते, त्यातल्या बहुतेकांचे त्यांनी वर्षभरात काही वाईट केलेले नसते. मेकॅनिकचा नंबर त्या यादीत नव्हता. यंदा मुलाने तो घालू का म्हणून विचारले, तेव्हा बाबूजी नको म्हणाले.

संवत्सरीचा उपवास झाला, प्रतिक्रमण झाले. पारण्याच्या दिवसानंतर जो पहिला बाजार आला, त्या सकाळी त्यांनी मेकॅनिकला निरोप धाडला नाही. स्वतः पायी त्याच्या शेडपर्यंत गेले आणि त्याला बरोबर घेऊन दुकानावर आले. गर्दी तशीच होती. खतावणी उघडून मजुरीची रक्कम त्याच्या हातावर ठेवली आणि ज्या आवाजात त्या दिवशी बोलले होते त्याच आवाजात सांगितले की मोटर चांगली होती, कार्बन नवे होते, तार यांनी बघू म्हटले होते आणि मी बघू दिली नाही. मग हात जोडून ते दोन शब्द म्हणाले. हमालांपैकी काहींना त्यांचा अर्थ कळला नसावा.

तरुण संकोचून गाडीकडे वळला. बॉनेट उघडून त्याने खरवडलेली जागा पाहिली, स्क्रूला बोट लावून हलवून पाहिले.

“पाणी मारून बघितलं का शेठ? दिवे लावून?”

बघितले नव्हते. त्याने बादली मागितली. भाभींनी आतून कळशी पाठवली, सवयीने गाळलेल्या पाण्याची. मेकॅनिकने दिवे लावले, वायपरचा स्विच ओढला आणि कळशीतले पाणी ओंजळीओंजळीने काचेवर मारत, डोके तिरके करून, पाती कुठे अडखळतात का ते पाहत राहिला.