‘पुन्हा सांगा’ म्हणण्याची हिंमत

मुलगा अमेरिकेत स्थायिक झालेला असतो. नात झाल्याची गोड बातमी येते आणि इकडे आजी-आजोबांच्या घरात लगबग सुरू होते. मेतकूट कुटले जाते, डिंकाचे लाडू वळले जातात, झबली-टोपडी शिवून होतात. पासपोर्ट, व्हिसा, विमा, सहा महिन्यांच्या गोळ्या, सारे काही जमते. अडते ते एकाच ठिकाणी. विमानतळावर कुणी इंग्रजीत काही विचारले तर?

मग मुलगा फोनवर धीर देतो, “आई, तू काही बोलूच नकोस. व्हीलचेअर सांगून ठेवली आहे.” आणि रोज पहाटे तळ्याला चार फेऱ्या मारणाऱ्या काकू, हातात मुलाने लिहून पाठवलेली इंग्रजी चिठ्ठी धरून, चाकांच्या खुर्चीत बसतात. ज्यांचे गुडघे खरोखर दुखतात त्यांच्यासाठी ही सोय मोलाचीच आहे. पण धडधाकट माणसाने केवळ भाषेच्या धास्तीने बॅगेसारखे ढकलत जावे, हे मनाला कुठेतरी लागते.

अशा प्रौढांना प्रवासापुरते इंग्रजी शिकवू लागलेला शिक्षक सुरुवातीला हमखास व्याकरणाकडे वळतो. फळ्यावर काळ मांडले जातात आणि साठीतली माणसे पुन्हा पाचवी-सहावीतली होतात. चुकलो तर हसतील, ही त्या वेळची भीती पन्नास वर्षांनंतरही गेलेली नसते. त्यापेक्षा फळा कोरा ठेवून नुसते विचारावे, “प्रवासातले कोणकोणते इंग्रजी शब्द तुम्ही रोज बोलता?” तिकीट, सीट, बॅग, गेट, लाईन, पासपोर्ट, टॅक्सी, लिफ्ट... बघता बघता फळा भरतो. आपल्याला इंग्रजी अजिबात येत नाही, हा समज तिथेच अर्धा गळून पडतो.

पुढचे कामही वाटते तेवढे अवघड नसते. इमिग्रेशनच्या खिडकीवरचे प्रश्न बहुधा ठरलेले असतात : कशासाठी आलात, किती दिवस राहणार, कुठे उतरणार? ‘टू सी माय सन’, ‘फाइव्ह मंथ्स’, ‘अ‍ॅट माय सन्स हाऊस’, एवढ्या उत्तरांनी काम भागते. खाण्याचे काही आणले आहे का, असे विचारले तर लाडू आणि मेतकूट सरळ सांगून टाकावे. सांगितलेली वस्तू चालत नसेल तर फार तर काढून घेतात. लपवलेली सापडली तर दंड होऊ शकतो.

खरी फसगत होते ती ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांनी. अमेरिकेत ‘रेस्टरूम’ म्हणजे विश्रांतीची खोली नव्हे, स्वच्छतागृह. तिथला ‘फर्स्ट फ्लोअर’ म्हणजे बहुधा आपला तळमजला. तारीख लिहिताना तिथे महिना आधी येतो, त्यामुळे ५/६ म्हणजे पाच जून नव्हे, सहा मे. आणि ‘थर्टीन’ व ‘थर्टी’ यांतला फरक घाईत भल्याभल्यांच्या कानांना कळत नाही. तेरा नंबरच्या गेटवर जायचे असताना माणूस तिसाव्या गेटवर जाऊन बसतो.

म्हणून या शिक्षणातले सर्वांत मोलाचे वाक्य उत्तराचे नाही, विचारण्याचे आहे : ‘प्लीज, से अगेन.’ वर्गात हे वाक्य सर्वांत उशिरा तोंडातून फुटते. न समजताही मान डोलावण्याची सवय जडलेली असते. अशा वेळी एक गोष्ट आवर्जून सांगावी. विमान चालवणारा वैमानिकही नियंत्रण कक्षाचे बोलणे नीट ऐकू आले नाही तर रेडिओवर हेच म्हणतो, ‘से अगेन’. महत्त्वाची सूचना मिळाली की ती जशीच्या तशी उलट म्हणून दाखवण्याचा त्याला नियमच आहे. मग काकूंनी ‘गेट वन-थ्री?’ असे एकेक आकडा उच्चारून पुन्हा विचारले, तर त्यात कमीपणा कसला?

आणखी एक अडचण पुस्तकात सापडत नाही. सरावात प्रश्न काकूंना विचारला जातो आणि उत्तर काका देतात. हेतू मदतीचाच असतो. चाळीस वर्षांची सवय असते. पण परतीचा प्रवास कधी काकूंना एकटीने करावा लागतो. म्हणून सरावापुरते तरी जोडप्यांना वेगवेगळ्या रांगांत बसवावे. पहिल्या दिवशी काकू वळून मागे बघतात. आठवड्याभरात मागे बघणे थांबते आणि एखाद्या दिवशी काकाच वळून विचारतात, “अगं, तो काय म्हणाला?”

गौरी शिंदे यांच्या ‘इंग्लिश विंग्लिश’ (२०१२) या चित्रपटात श्रीदेवीने साकारलेली शशी न्यूयॉर्कच्या कॉफीच्या दुकानात गोंधळते, तो प्रसंग अनेकांना आठवत असेल. शशीला कॉफी हा शब्द ठाऊक नव्हता असे नाही. काउंटरपलीकडच्या बाईला थांबायला वेळ नव्हता, आणि ‘जरा हळू बोला’ असे सांगायचा धीर शशीला नव्हता.

हा धीर घरीही देता येतो. परदेशातल्या मुलामुलींनी चिठ्ठी लिहून पाठवण्याऐवजी रोज दहा मिनिटे फोनवर इमिग्रेशनचा अधिकारी व्हावे. मुद्दाम भरभर बोलावे आणि आई ‘से अगेन’ म्हणेपर्यंत उत्तर सुचवू नये. लहानपणी बोबड्या बोलात विचारलेला एकच प्रश्न तिने दहादा ऐकून घेतला होता. आता मुलांनी दहादा सांगावे.