कालवड

आमच्या गावात खेळ म्हटला की कबड्डी. बास्केटबॉलचे मैदान मी कॉलेजात आल्यावरच पाहिले. तरीही गेली दोन वर्षे मी एका बास्केटबॉल संघाचा व्यवस्थापक आहे. संघ मोबाईलवर आहे, एवढेच. २००७ साली सुरू झालेल्या ‘बझरबीटर’ या इंटरनेटवरील खेळात चेंडूला हात लावायचा नसतो. खेळाडू घ्यायचे, विकायचे, त्यांचे पगार भागवायचे आणि कोणी कोणत्या जागी खेळायचे ते ठरवायचे. लीगमध्ये सोळा संघ, आठ-आठांचे दोन गट. गटात आठवा आला की थेट खालच्या लीगमध्ये.

सर्वांत वरच्या लीगमध्ये पोचलो तेव्हा पेढे वाटावेसे वाटले. पण चढण्यापेक्षा टिकणे अवघड, हे पहिल्याच हंगामात कळले. कोवळा खेळाडू घडवायचा तर त्याला सामन्यात मिनिटे द्यावी लागतात. ती दिली की आजचा सामना हातचा जातो. शिवाय तो तयार झाला की नव्या हंगामात त्याचा पगार वाढतो. गेल्या हंगामात आम्ही सातवे होतो. घाबरून मी अठराव्या वर्षापासून घडवलेला खेळाडू विकला आणि चौतिशीतला तयार गडी आणला. संघ वाचला. आता तो गडी ओसरू लागला आहे, आणि विकलेला मुलगा आमच्याविरुद्धच गुण करतो आहे.

संध्याकाळी धार काढताना हे आप्पांना सांगितले. ते म्हणाले, “म्हंजी कालवड इकून दुभती गाय आणली. औंदा दूध मिळालं. फुडं गोठा कशावर चालायचा?”

बारावीनंतर मला कामाला लावले असते तर घरात लगेच पगार आला असता, हे मला तेव्हा आठवले. मी गप्प बसलो.

आपल्याच जिल्ह्यातल्या असलम इनामदारला पुणेरी पलटणने २०२१ मध्ये नवोदित म्हणून घेतले, खेळवले, पुढे कर्णधार केले. १ मार्च २०२४ रोजी हरियाणाला २८-२५ असे हरवून पलटण प्रथमच प्रो कबड्डीची विजेती झाली. पुढच्याच हंगामात तो जायबंदी झाला आणि पलटण पहिल्या सहांतही आली नाही. तरी संघाने त्याला ठेवले. २०२५ मध्ये त्याच्याच नेतृत्वाखाली पलटण पुन्हा अंतिम सामन्यात पोचली.

आज आम्ही पुन्हा सातवे आहोत. बाजारात एक अनुभवी गडी आहे, खात्यात पैसेही आहेत. पण मी अठरा वर्षांच्या एका उंच पोराला पूर्ण वेळ मैदानात उतरवले आहे. कदाचित खाली जाऊ. कालवड मात्र विकणार नाही.