चुकलेला आकडा: मोहगावची टिपणे

१.
संत्र्याचा बगीचा मध्य प्रदेशातल्या मोहगावात, व्यापारी नागपूरचा, इसार मोबाइलवरून खात्यात. १९५६ पर्यंत दोघांचे हायकोर्ट एकच होते, नागपूरचे. आता मोहगावचे जबलपूरला.

२.
पैठण तालुका, २०२१. एका शेतकऱ्याच्या जनधन खात्यात १५ लाख रुपये आले. पंतप्रधानांनी पाठवले असे त्याला वाटले. त्यातून ९ लाख घराला लावले. पैसे ग्रामपंचायतीचे होते, बँकेने परत मागितले.

३.
आपल्याच राज्यातले भिंड, २०१९ ची बातमी. एकाच नावाचे दोन खातेदार आणि बँकेने दोघांना दिलेला खाते क्रमांक एकच. एक भरत राहिला, दुसरा काढत राहिला.

४.
करार कायदा, १८७२, कलम ७२: चुकून मिळालेला पैसा परत करावा लागतो. यूपीआयलाही हेच कलम.

५.
आपलाच समजून खर्च केला तर तो गुन्हा नाही. चूक कळल्यावर बेइमानीने दाबून ठेवला तर भारतीय न्याय संहितेचे कलम ३१४ लागते: किमान सहा महिने, जास्तीत जास्त दोन वर्षे कैद आणि दंड. पैठणच्या माणसाकडे बघताना हा फरक विसरू नये.

६.
खामगावची सरकीची ढेप. १९५९ साली अहमदाबादहून फोनवर मागणी झाली, खामगावहून होकार गेला, माल गेला नाही. दावा कुठे चालवायचा? १९६५ मध्ये सुप्रीम कोर्टाने बहुमताने सांगितले, होकार जिथे ऐकू आला तिथे, म्हणजे अहमदाबादला. न्या. हिदायतुल्ला यांचे मत वेगळे पडले: होकार जिथून उच्चारला तिथे. ते आधी नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश होते. बहुमत मान्य करूनही वाटते, लहान गावाच्या माणसाला दूरच्या कोर्टात जायला लावणे हीच अर्धी शिक्षा.

७.
२०१९ च्या ग्राहक कायद्याने ती अर्धी शिक्षा ग्राहकापुरती काढली. तक्रार तो राहतो त्या जिल्ह्यात करता येते.

८.
रिझर्व्ह बँकेने २०१० मध्ये बँकांना मुभा दिली: नाव न जुळवता नुसत्या खाते क्रमांकावर पैसे जमा करा. क्रमांक बरोबर टाकण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची. पाठवण्याआधी नाव दाखवण्याची सोय एनईएफटी-आरटीजीएसला द्यायची मुदत १ एप्रिल २०२५. मधली पंधरा वर्षे शेतकऱ्याने जोखीम एकट्याने उचलली. हे चूक होते.

९.
करार कायद्याचेच कलम २२: एकट्याचीच चूक असेल तर तेवढ्यावरून करार मोडता येत नाही. एक शून्य जास्त पडले तरी.

१०.
सिंगापूर, २००४ चा निकाल. ३,८५४ डॉलरचा प्रिंटर वेबसाइटवर ६६ डॉलरला लागला, काहींनी शेकड्यांनी मागवले. कोर्ट म्हणाले, चूक आहे हे घेणाऱ्यांना कळत होते, करार रद्द.

११.
संयुक्त राष्ट्रांच्या इलेक्ट्रॉनिक व्यवहारांवरच्या २००५ च्या करारात अनुच्छेद १४ आहे: यंत्राने चूक सुधारायची संधीच दिली नसेल तर, ताबडतोब कळवून आणि फायदा न उपटता, तो चुकीचा भाग मागे घेता येतो. आपल्या आयटी कायद्यात असे कलम नाही. ते यायला हवे.

१२.
पैसे खात्यातून गेले, समोरच्याच्या खात्यात पोचले नाहीत: यूपीआयमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत परत, नाहीतर दररोज १०० रुपये भरपाई. मागावी लागत नाही, बँकेने आपणहून द्यायची.

१३.
चुकीच्या खात्यात गेले असतील तर त्याच दिवशी शाखेत लेखी अर्ज द्या, व्यवहार क्रमांक लिहा, पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर नाही आले तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, माहितीसाठी १४४४८. कोणी फसवले असेल तर आधी १९३०.