खर्जाचा वाटा

घरांत मुलें दोन आणि खेळणें एक असलें, कीं न्यायाधीशाचें काम बापाकडे येतें, हा अनुभव जुनाच आहे. माझीं मुलें आतां खेळण्याच्या वयाचीं राहिलेलीं नाहींत. परंतु गेल्या उन्हाळ्यांत मला पुनः एकदां त्या आसनावर बसावें लागलें. मुलगा नांदेडास आमच्याजवळ राहून महाविद्यालयांत शिकतो आणि इलेक्ट्रिक गिटार वाजवितो. मुलगी वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठीं लातुरास औसा रोडवर तिच्या आत्याकडे राहते आणि बेस गिटार वाजविते. या वाद्यांचा स्वभाव असा, कीं ध्वनिवर्धकावांचून त्यांना कंठ नाहीं; आणि माझ्या खिशाचा स्वभाव असा, कीं त्यांतून ध्वनिवर्धक एकच यावयाचा. तो दोघांनाही चालावा आणि अहमदपूरमार्गें एस. टी.तून नांदेड-लातूर ये-जा करण्याइतका हलका असावा, एवढीच माझी माफक अपेक्षा होती.

"दादाच्या गिटारचाच घ्या, बाबा," मुलगी म्हणाली. "माझं काय, मी हळू वाजवीन."

हें ऐकून, खरें सांगावयाचें तर, मला बरेंच वाटलें. मुलाची गिटार स्नेहसंमेलनांत चारचौघांच्या कानांत भरते. बेस गिटार कोणी वाजवीत होतें, हें घरीं परतणाऱ्या श्रोत्याला आठवतही नाहीं. जें मिरवतें त्यावर पैसा खर्चावा, हा व्यवहार त्या क्षणीं मला शहाणपणाचा वाटला. शिवाय वर्ष परीक्षेचें. मुलीनें आपण होऊन वाद्य मागें सारलें, तर बापानें हरकत कां घ्यावी?

दुकानांत मात्र निराळेंच घडलें. गिटारच्या एका लहानशा ध्वनिवर्धकाला मुलीनें आपली बेस सहज जोडून पाहिली आणि सर्वांत जाड तार छेडली. स्वर आलाच नाहीं. आली ती नुसती फडफड. आवाज वाढवितांच स्पीकरचा कागदी पडदा वाऱ्यांत सांपडलेल्या पतंगासारखा थरथरूं लागला. दुकानदारानें घाईनें बटण मागें फिरविलें. "असंच वाजवलं, तर फाटायला वेळ लागायचा नाही," तो म्हणाला.

यांतलें गणित कठीण नाहीं. गिटारच्या सर्वांत खालच्या तारेचीं कंपनें सेकंदास सुमारें ८२. बेसच्या तशाच तारेचीं ४१, म्हणजे बरोबर एक सप्तक खालीं. स्वर सप्तकभर उतरला, कीं तेवढाच नाद उठविण्यासाठीं त्याच पडद्याला चौपट हेलकावा घ्यावा लागतो. गिटारचा लहान पडदा त्यासाठीं घडविलेलाच नसतो. 'हळू वाजवीन' या शब्दांचा अर्थ मला तेव्हां कुठें उमगला. त्या पेटीवर ती हळू वाजविणार नव्हती. ती वाजविणारच नव्हती.

मग बेसचा ध्वनिवर्धक काढविला. पडदा ८ इंची, शक्ति २५ वॉट, वजन १० किलोच्या आंत. मोठ्या सभागृहांत ड्रमच्या दणदणाटापुढें तो टिकणार नाहीं; परंतु घरच्या खोलीला आणि चार मित्रांच्या बैठकीला पुष्कळ. रात्रीं घर झोंपलें, कीं हेडफोन लावण्याचीही त्यांत सोय होती. मुलीचा स्वर त्यांतून गोल आणि भरीव उमटला. आतां मुलानें आपली गिटार जोडली. "थोडं कोरडं वाटतं," तो म्हणाला, आणि तें खोटें नव्हतें. गिटारचा ध्वनिवर्धक तिच्या स्वराला स्वतःचा थोडा खरखरीत रंग चढवितो. बेसचा तो जसाच्या तसा पुढें करतो. परंतु गिटारचा गेला तो रंग, आणि तो पायाखालच्या एखाद्या स्वस्त पेडलनें परत आणतां येतो. बेसचा जात होता तो स्वरच. तो कोणत्या पेडलनें आणावयाचा?

अमेरिकेंत लिओ फेंडर यांनीं १९५१ सालीं आपली बेस गिटार बाजारांत आणली आणि पुढच्या वर्षीं तिच्यासाठीं 'बेसमन' नांवाचा ध्वनिवर्धक काढला. गंमत अशी, कीं त्याला खरें डोक्यावर घेतलें तें गिटार वाजविणाऱ्यांनींच. लंडनच्या जिम मार्शल यांनीं १९६०च्या दशकाच्या आरंभीं आपला पहिला ध्वनिवर्धक त्याच्याच नमुन्यावर बांधला. खर्जासाठीं केलेल्या घरांत वरच्या सुरालाही सुखानें राहतां येतें. उलट मात्र होत नाहीं. आमच्या वडिलांच्या पेटींत खर्ज आणि नर असे सुरांचे दोन संच एकाच भात्यावर नांदत असत. खर्जाची खुंटी बंद करून वाजविलें, तरी गाणें ओळखूं येई, पण वडील म्हणत, "आता घरात माणसं कमी झाल्यासारखी वाटतात."

बेसचाच ध्वनिवर्धक घेतला. तो आधीं कोठें राहावा, हा दुसरा खटला मात्र माझ्यापुढें आलाच नाहीं. मुलगाच म्हणाला, "तिच्याबरोबर लातूरला जाऊ द्या. माझी नुसती वाजवली, तरी माझी मला ऐकू येते. तिची तिलासुद्धा ऐकू येत नाही." मीं दोन दिवस मनांत घोळविलेला न्याय त्यानें दोन वाक्यांत उरकला. आणि परीक्षेचें वर्ष आहे, हें बोलण्याचें धैर्य मला झालें नाहीं.

आठ दिवसांनीं बहिणीचा फोन आला. "पोरगी संध्याकाळी अर्धा तास वाजवते. फळीवरच्या वाट्या थरथरतात रे!"

"बंद करायला सांगूं का?" मीं विचारलें.

"छे, असू दे," ती म्हणाली. "घर भरल्यासारखं वाटतं."